खडूनं न लिहिलेलं नाव

लग्नाला बरीच वर्षं झालेल्या आणि मूल नसलेल्या बाईला सकाळच्या ओकाऱ्या सुरू झाल्या, तर घरातल्या माणसांनी काय समजायचं? आमच्या घरात जे समजलं गेलं ते कुणीही समजलं असतं. घरात आम्ही तिघंच. मी, माझे यजमान आणि त्यांची आत्या. आत्याबाई लहानपणीच विधवा होऊन भावाकडे परत आल्या होत्या, आणि पुढं भावजय गेल्यावर भाच्याला त्यांनीच वाढवलं होतं. मला ओकाऱ्या होताना पाहिलं आणि त्यांनी जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा शोधून बाळासाठी कुंची शिवायला घेतली.

पवनेचं धरण बांधायचं काम चालू होतं, त्या काळातली ही गोष्ट. आमचं गाव कामशेत आणि कार्ल्याच्या मध्ये, सडकेपासून थोडं आत. हे देहूरोडच्या डेपोत कामाला. सकाळची गाडी धरायची, संध्याकाळच्या गाडीनं यायचं, आणि मधल्या वेळात भातशेती आत्याबाई आणि मी बघायचो. डोकं दुखायचं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आनंदाच्या बातमीत डोकेदुखीचं काय सांगायचं? पण मग दारातून जाताना मी चौकटीला उजवा खांदा आपटायला लागले, हातातला तांब्या निसटायला लागला. एक दिवस ह्यांनी रजा टाकली आणि मला लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यात बत्ती मारून बराच वेळ पाहिलं आणि ह्यांना बाहेर बोलावलं. दिवस गेलेले नव्हते. डोक्यात गाठ होती.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. त्यातलं मला काही माहीत नाही, आणि माहीत नाही तेच बरं. गाठ साधी निघाली, सगळी निघाली. ज्या हातांनी ती काढली त्या हातांना मी आजही रोज दिवा लावताना नमस्कार करते. शुद्धीवर आले तेव्हा डोक्यावर केस नव्हते, उजवा हात माझा असून माझा नव्हता, आणि वस्तूंची नावं गेली होती.

हे नावं जाणं म्हणजे काय ते समजावून सांगायला हवं. वस्तू समोर दिसायची, तिचं काय करायचं ते कळायचं, पण तिला काय म्हणतात ते यायचं नाही. डॉक्टर पेला दाखवायचे. मी म्हणायचे, "प्यायचं... ते... प्यायचं." डॉक्टर चावी दाखवायचे. मी हवेत हात फिरवून कुलूप उघडून दाखवायचे. एकदा त्यांनी विचारलं, "बरं, नवऱ्याचं नाव सांगा."

डॉक्टर वाट बघत होते. ते आमच्याकडचे नव्हते. खाटेशी उभी असलेली नर्स मात्र होती. ती हसून म्हणाली, "अहो डॉक्टर, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत." डॉक्टरांना ती गंमत फार आवडली. सगळे हसले, शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा. मीही अर्ध्या तोंडानं हसले. तो प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला नाही.

पण मी लाजत नव्हते. मला खरोखरच आठवत नव्हतं.

त्यांचा आवाज आठवत होता. गाडीवरून आल्यावर ते आधी पायरीवर बसून चपला झटकतात, पानाला चुना अंमळ जास्तच लावतात, रागावले की बोलायचे थांबतात, सगळं शाबूत होतं. फक्त नाव गेलेलं. पेल्याचं नाव गेलं तर माणसं म्हणतात, येईल हळूहळू. नवऱ्याचं नाव गेलं तर काय म्हणतील? मला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं धरून चालतील आणि मला माहेरी पोचवतील. त्याहून वाईट म्हणजे ते ऐकून ह्यांचा चेहरा कसा होईल ते माझ्या डोळ्यांसमोर यायचं. म्हणून मी ठरवलं, कुणाला कळू द्यायचं नाही.

इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. चष्मा, पांढरं पातळ, बोलणं तुटक. त्यांनी माझ्या उजव्या हातात रबरी चेंडू दिला आणि दाबायला सांगितलं. मी दाबला, तो पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. मला त्या चेंडूचा इतका राग आला की मी तो डाव्या हातानं भिरकावून दिला. दुसरी कुणी असती तर ओरडली असती. बाईंनी चेंडू उचलला, पदराला पुसला आणि विचारलं, "घरी तू काय काय काम करतेस?" मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी ह्यांना विचारलं.

"सैपाक करती. शेतात जाती."

"आणखी?"

ह्यांनी डोकं खाजवलं. "पाणी भरती." मग पुन्हा डोकं खाजवलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपली बायको दिवसभर काय करते ते ह्या गृहस्थांना सांगता येईना. आमच्याकडच्या पुरुषांना ते कुणी कधी विचारलेलंच नसतं. बाई म्हणाल्या, "घरी जा, नीट विचारून या. हिच्या हाताला काय येत होतं ते मला कळलं, तर तेच शिकवता येईल. दुसऱ्या कुणाचे व्यायाम हिला कशाला?"

पुढच्या रविवारी हे वॉर्डात आले ते बगलेत सूप घेऊन. भात पाखडायचं, चांगलं मोठं, शेणानं लिंपलेलं. ते घेऊन ते कामशेतवरून गाडीनं आले होते आणि गाडीत लोकांनी विचारून विचारून त्यांना हैराण केलं होतं. पिशवीत पसाभर भात, थोडे वाल आणि आत्याबाईंचा निरोप. निरोप ह्यांनी तोंडपाठ करून आणला होता आणि शाळेतल्या पोरासारखा उभं राहून म्हणून दाखवला. निवडणं, पाखडणं, कांडणं, वाल सोलणं, सारवणं, भाकरी थापणं, गवताची पेंढी बांधणं. शेवटी म्हणाले, "शेणगोळा पण द्येत व्हत्या, मीच न्हाई आणला."

बाई मनापासून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. चेंडू त्यांनी कपाटात टाकला. त्या दिवसापासून खाटेवर कापड पसरून मी एकेक वाल चिमटीत धरायला शिकले. सारवणाच्या सरावाला त्यांनी ओलं फडकं दिलं आणि वॉर्डातल्या फरशीवर मला अर्धगोल काढायला लावले. हात खांद्यातून फिरवायचा, आमच्या घरची जमीन सारवताना फिरवते तसा. हात विसरला नव्हता. तो फक्त दुबळा झाला होता. मला घरी सोडलं तेव्हा बाई ह्यांना म्हणाल्या, "हिला हिचीच कामं द्या. मदत करायची तर हात धरून करा. हातातलं काम काढून घेऊ नका."

त्यांचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. आभार मानायला तेव्हा मला शब्दही नव्हते. मी त्यांच्या हाताला हात लावला आणि निघाले.

घरी आले तेव्हा भातं कापणीला आली होती. मला बघायला सगळा गाव येऊन गेला. कुणी अंडी आणली, कुणी खोबरं, आणि प्रत्येकीनं तेच सांगितलं, "दुसरा जल्म झाला गं तुझा." आत्याबाईंनी ते बोलणं फारच मनावर घेतलं. माझं बोडकं डोकं गार पडतंय हे पाहून त्यांनी बाळासाठी शिवलेली ती कुंची उसवली, तिला आणखी कापड जोडलं आणि माझ्या मापाची करून माझ्या डोक्यावर घातली. हनुवटीखाली गाठ मारली. मी आरशात पाहिलं आणि रडले. बाळाची होती म्हणून रडले, आणि ऊब इतकी छान होती म्हणूनही.

"रडाया काय झालं?" आत्याबाई म्हणाल्या. "चल, ह्ये तांदूळ निवड."

त्यांनी माझे लाड केले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. आधी तांदूळ निवडणं. मग वाल. मग सारवण, आधी उंबऱ्याजवळचा तुकडा, मग खोली. माझा हात थकला की त्या माझ्या मागं बसायच्या, माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवायच्या आणि दोघींचा मिळून एक हात फिरायचा. भाकरी थापायला काठवटीशी बसले तेव्हा तांदळाचं पीठ एकीकडे आणि हात दुसरीकडे. भाकरी एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं फाटलेली. हे ती डब्यात घेऊन देहूरोडला जायचे. घरी आल्यावर मी डोळ्यांनी विचारायचे. "आज चंद्र जरा कलला व्हता," एवढंच म्हणायचे. डबा मात्र नेहमी रिकामा.

शब्दांचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. तेही बाईंनीच सुचवलेलं. मी चौथीपर्यंत शिकलेले, पण दुखण्यात अक्षरंही मुकी झाली होती. ह्यांनी कामशेतच्या बाजारातून खडू आणले आणि एका रविवारी घरभर हिंडून दिसेल त्या वस्तूवर तिचं नाव लिहिलं. दारावर दार. कणगीवर कणगी. रांजण, खुंटी, उखळ, पाटा. सकाळी गाडीला निघायच्या आधी माझं बोट धरून मला सगळ्या घरातून फिरवायचे, अक्षरावर बोट टेकवायचे आणि तो शब्द म्हणायचे. मी मागून म्हणायचे. नावं परत आली ती आपल्या मनाप्रमाणे आली. कणगी पहिल्या आठवड्यातच आली. चूल काही केल्या येईना, तिला मी कितीतरी दिवस दारच म्हणत होते. त्यात आत्याबाई अक्षरशत्रू. सारवता सारवता त्यांनी चुलीवरचं नाव पुसून टाकलं आणि ह्यांनी दोनदा नव्यानं लिहिलं.

घरातल्या सगळ्या वस्तूंवर नाव होतं. फक्त नाव लिहिणाऱ्यावर नव्हतं.

गंमत म्हणजे त्यांचं नाव घरात कुणी घेतही नसे. आत्याबाई त्यांना बाळ म्हणायच्या. गावातले धाकटे त्यांना "भाऊ" म्हणायचे, थोरले "अरे" म्हणायचे. मी तर अहोच. भांड्यांवर सासऱ्यांचं नाव. डेपोतलं ओळखपत्र एकदा सदऱ्याच्या खिशातून काढून मी खिडकीशी नेलं, पण ते सगळं इंग्रजीत होतं. मी ते परत खिशात ठेवलं.

झोडणी झाली, खळ्यात भाताची रास पडली. मी सूप घेऊन बसले. तेच सूप, मुंबईला जाऊन आलेलं. पहिल्या दिवशी निम्मं भात कोंबड्यांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी थोडं कमी. मग एक सकाळ अशी आली की मी सूप उचललं, झेललं, आणि फोल पुढं उडालं, दाणे माझ्याकडे राहिले. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. आत्याबाई शेजारी पेंढ्या बांधत होत्या. त्यांनी पाहिलं आणि भाताची आणखी एक पाटी माझ्यासमोर आणून ओतली. त्याहून मोठी शाबासकी मला कुणी दिलेली नाही.

हात आला, पाय आला, शब्दही येत होते. नाव येत नव्हतं. दळताना मी मनातल्या मनात गावातल्या सगळ्या पुरुषांची नावं घेऊन बघायचे, ह्यातलं एखादं ओळखीचं हसेल म्हणून. एकही हसलं नाही.

त्याच सुमारास एक दिवस दुपारी दारात एक परका माणूस आला. अंगात खाकी, हातात पिशवी. त्यानं एक नाव घेतलं आणि विचारलं, "इथंच राहतात ना?"

मी विचार केला आणि मान हलवली. "न्हाई."

तो गेला. आत्याबाई ओट्याच्या टोकाला वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठून गेल्या आणि सडकेच्या वळणावरून त्याला परत घेऊन आल्या. तो डेपोतला माणूस होता, रजेवरून परतताना ह्यांनी मागवलेलं, माझ्या हाताला चोळायचं तेल द्यायला वाटेत उतरला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यानं जे नाव घेतलं ते ह्यांचंच. पण तोवर ते निसटलं होतं. मी नाव धरायला गेले तर हाताला त्या माणसाचा आवाज तेवढा लागला. आत्याबाईंनी त्याला चहा दिला, वाटेला लावलं आणि पुन्हा वाल सोलायला बसल्या. मला काही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल.

संक्रांत जवळ आली. आत्याबाईंनी जाहीर केलं, "सून जित्ती परत आली. औंदा हळदीकुंकू आपल्या घरी." मी नको नको म्हणाले. हळदीकुंकू म्हटलं की बायका नाव घ्यायला लावणार, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. "थकवा येतो," मी म्हणाले. "भात पाखडाया थकवा येत न्हाई, वाण द्याया येतो व्हय?" एवढं बोलून त्या तीळ भाजायला बसल्या.

त्या दिवशी आमचं माजघर बायकांनी भरून गेलं. सणाची सुटी होती, पण बायकांत नको म्हणून हे बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. आत्याबाई विधवा, म्हणून त्या रीतीप्रमाणे आत, चुलीपाशी. आजवर असल्या कार्यक्रमात त्या कधी पुढं आलेल्या नव्हत्या आणि त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. माझे केस बोटभर वाढले होते. जखमेच्या वणाशेजारी बायकांनी मला किती हळू हातानं कुंकू लावलं, ते मी विसरलेले नाही. मग शेजारची मावशी म्हणाली, "आता नाव घे पोरी. बोलाया आलंय का न्हाई, आमाला बगू दे."

तिच्या मनात माया होती. सगळ्यांच्याच होती. मी हात जोडले, मान हलवली, पण लाजणाऱ्या बाईला कुणी सोडतं का? तेवढ्यात एक नवल झालं. लग्नात शिकवलेला उखाणा माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडायला लागला. तो न विचारता आला, घडाघडा आला.

"हिरव्या खाचरात वाढलं भात, सोनं झालं खळ्यात..."

आणि तिथं थांबला. पुढं नाव होतं.

बायका हसल्या. कुणी कोपरानं ढोसलं. "घे की गं." मी तोंड उघडलं. काही नव्हतं. हसू कमी झालं. मावशीनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरची माया बदलून काळजी झाली. इतके महिने झाकून ठेवलं ते आता सगळ्यांसमोर उघडं पडणार, आणि बाहेर ओट्यावर ते ऐकत असणार, एवढंच डोक्यात होतं.

मागं दाराशी हालचाल झाली. आत्याबाई चुलीपासून उठून माजघरात आल्या होत्या. बायका सरकल्या. काही अंग चोरून सरकल्या, काही वाट द्यायला. त्या सरळ माझ्यापाशी येऊन बसल्या, बारशाला बसतात तशा, माझं डोकं स्वतःकडे वळवलं आणि माझ्या कानावर हाताची ओंजळ धरली.

"कुर्रर्र," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच ते नाव.

ह्यांना दुसरी आत्या नव्हती; बारशाला ह्यांच्या कानात ते नाव पहिल्यांदा सांगणारं तोंड हेच होतं. त्यांच्या श्वासाला भाजक्या तिळांचा वास येत होता. नाव कानातून आत गेलं आणि जाऊन नेमकं आपल्या जागी बसलं, जणू त्याची जागा कुणी सारवून ठेवली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. तेलवाल्याला मी परत धाडलं त्या दुपारपासून माहीत होतं, आणि त्यांनी मला एका शब्दानं दुखवलं नव्हतं.

बायकांकडे वळून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "नवं जल्मलेलं माणूस हाय. बारसं करावं लागतं. नुसतं हसून कसं चालंल?"

मी उखाण्याचं उरलेलं सगळं विसरले. राव नाही, मेळ नाही, यमक नाही. मी त्यांचं नुसतं नाव घेतलं. नीट, स्पष्ट आणि जरा जास्तच मोठ्यानं, लांब शेतात असलेल्या माणसाला हाक मारावी तसं.

आणि बाहेर ओट्यावरून, लग्न झाल्यापासून माझ्या तोंडून पहिल्यांदाच स्वतःचं नाव ऐकलेल्या त्या माणसानं उत्तर दिलं.

"ओ."